खालच्या खाचरातले चतुर

इंदू आत्याला लग्न करायचं नव्हतं. हे वाक्य आज लिहायला सोपं वाटतं, पण आमच्या घरात ते इतक्या सरळ शब्दांत कुणीच कधी उच्चारलं नव्हतं, खुद्द आत्यानेही नाही. ती बोलायची ती त्या त्या स्थळाबद्दल. पिरंगुटचा मुलगा तंबाखू खातो, त्याच्या पिचकाऱ्या पुसत जन्म काढू का? घोटावड्याच्या मुलाची आई फार गोड बोलते, म्हणजे आतून खाष्ट असणार. एकाला खोकला होता, एकाचं गाव नदीपलीकडे होतं, आणि एकाला तर तो जेवताना फार मोठे घास घेतो म्हणून तिने नाकारलं. माझे वडील म्हणजे आत्याचे थोरले भाऊ. असली कारणं त्यांना जशीच्या तशी पाहुण्यांना कळवता येत नसत. मग ते पदरची सभ्य कारणं तयार करून पाठवायचे. कधी घरात आजारपण काढायचे, कधी ह्या साली जमत नाही म्हणायचे. माणूस सरळमार्गी, खोटं बोलताना त्यांना घाम फुटायचा. बहिणीपायी मी पक्का थापाड्या झालो, असं ते आईपाशी कुरकुरत, आणि गवंड्याच्या हाताला थापा मारायची सवय असतेच की, असं म्हणून आई चुलीत फुंकर घालायची.

आमचं घर माले गावात, ओढ्याच्या अंगाला होतं. बाबांनी पौडपासून इकडे कितीतरी लोकांची घरं बांधली, पण आमच्या पडवीच्या भिंतीला गिलावा काही बसला नाही. 'पुढच्या उन्हाळ्यात करू' हे त्या भिंतीचं जणू नावच पडलं होतं. दोन खोल्या, त्यात आई, बाबा, आत्या आणि मी. मी तेव्हा सातवीत होते आणि आत्या पंचविशीच्या आसपास. पावसाळ्यात आमच्याकडे चार महिने काही वाळत नाही. कपडे चुलीवरच्या दोरीवर असायचे, त्यामुळे शाळेत आम्हा सगळ्यांच्या अंगाला धुराचा वास यायचा आणि कुणालाच तो जाणवायचा नाही. निखाऱ्यावर भाजलेली सुकट, नाचणीची भाकरी, ओढ्याला मिळाले तर खेकडे, नाही तर वालाची आमटी. संध्याकाळी दिवा लागला की भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीपुढे आम्ही वंदनेला बसायचो. बाबांचा आवाज जाड, आईचा दिवसभराच्या कामाने अर्धा झोपेत, आणि आत्या सगळ्यांच्या पुढे धावायची, कारण तिला भूक लागलेली असायची. त्याच वेळी शेवटची एस.टी. चढावर गिअर बदलायची. तो आवाज आला की वंदना संपत आली असं मला वाटायचं, आणि बहुतेक ते खरंही असायचं.

आत्या माझ्याजवळ झोपायची. मला शाळेतलं काही आलं नाही की माझ्याइतकीच ती वैतागायची. ती सासरी गेली तर ह्या घरात माझ्याशी बोलणारं कुणी उरणार नाही, ही भीती मला कायम होती. दारात नवीन चपला दिसल्या की मी आधी आत्याला शोधायचे. आई-बाबा प्रेमळ होते, पण कामाच्या माणसांना बोलायला फुरसत कुठली? तेव्हा आत्याच्या प्रत्येक नकारात माझा छुपा आनंद होता, हे आधीच सांगून टाकते.

पण त्या वर्षी वैशाखात जे स्थळ आलं त्यात खोट काढायला जागाच नव्हती. मुलगा पिंपरीच्या एका कारखान्यात फिटर, निर्व्यसनी, शांत. आई नव्हती, म्हणजे सासूचं कारणही बाद. बुद्धपौर्णिमेची खीर खाऊन आम्ही अंगणात बसलो होतो तेव्हा बाबांनी विषय काढला.

"बोल इंदे, आता ह्याच्यात काय खोट काढनार तू?"

आत्या बराच वेळ बोटाने जमिनीवर रेघा मारत बसली. मग म्हणाली, "खालचं खाचर मला दे दादा."

"त्ये कशाला?"

"मासं करीन. दिवाळीपत्तुर. मासं जगलं तर मी हितंच ऱ्हाणार, माझं मी कमावून खाणार. न्हाई जगलं तर तू म्हणशील त्याच्या गळ्यात माळ घालीन. मग एक शब्द बोलणार न्हाई."

बाबा हसले. खालच्या खाचराला झऱ्याचं पाणी लागायचं, त्यात भात कधी धड आलं नव्हतं. तिथून काही निघेल ह्यावर त्यांचा काडीचाही विश्वास नव्हता. "शब्द हाय का?" त्यांनी विचारलं. "शब्द," आत्या म्हणाली. आईने खिरीचं पातेलं उचललं आणि जाता जाता म्हणाली, "लगीन म्हंजी काय शर्यत हाय व्हय?" पण तिचं कुणी ऐकलं नाही. आमच्या घरातली शहाणी वाक्यं बहुधा भांडी उचलताना बोलली जायची.

माशांची कल्पना आत्याच्या डोक्यात आली ती धरणाच्या बाजूला मासे वाढवायचं एक केंद्र होतं तिथून. तिथली तळी खणायला ती एक उन्हाळा मजुरीला गेली होती. बांध कसा घालायचा हे तिला चांगलं ठाऊक होतं, माशांचं मात्र तिने जे पाहिलं ते लांबून. तळं तयार ठेवा, शेण टाका, मग माशांचं बी घेऊन जा, एवढं तिथल्या माणसाने सांगितलं. आणि तळं तयार ठेवणं म्हणजे काय, हे भातवाल्याला दुसऱ्या कुणी शिकवायची गरज नसते, निदान आम्हाला तसं वाटायचं. भाताचं खाचर लावणीआधी मुरावं लागतं. पाणी कोंडायचं, चिखल करायचा, पाला नि शेण कुजू द्यायचं. जितकं मुरेल तितकं रोप जोमाने धरतं. आत्याने तेच केलं. ज्येष्ठ लागायच्या आत झऱ्याचं पाणी कोंडलं, शेणाच्या पाट्या ओतल्या, ऐनाचा पाला तुडवला आणि महिनाभर ते पाणी मुरत ठेवलं. शेजारच्या खाचराचे मालक तात्या बांधावर उभे राहून कौतुकाने म्हणायचे, "झ्याक चिखल झालाय इंदे! मासं कसलं करतीस, रोपच लाव की!"

त्या मुरत्या पाण्यावर चतुर यायला लागले. चतुर म्हणजे ते लांब शेपटीचे, काचेसारख्या चार पंखांचे किडे. शहरातली मुलं त्यांना हेलिकॉप्टर म्हणतात. जोडीजोडीने यायचे आणि पाण्यावर शेपटी टेकवत टेकवत जायचे. मला वाटायचं ते शेपटीने पाणी पितात. आत्याला वाटायचं ते आपल्या तळ्याला शुभ आहेत. आमच्याकडे भातावर चतुर दिसले की म्हातारी माणसं खूश होतात, ते पिकावरची चिलटं खातात म्हणून. ते शेपटीने पाण्यात अंडी सोडत होते आणि पुढे खाचरात जे झालं ते त्या अंड्यांतूनच निघालं, हे मला कितीतरी वर्षांनी कळलं, नर्सिंगला असताना एका मैत्रिणीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात चित्र पाहिलं तेव्हा. चित्र पाहून मी मोठ्याने "अरे चोरा!" म्हणाले, आणि वसतिगृहाच्या वॉर्डनने वर मान करून पाहिलं.

आषाढात आत्या बी घेऊन आली. माशांच्या अगदी लहान पिल्लांना तिकडे जिरे म्हणतात, आणि ते खरोखर जिऱ्याएवढेच असतात. हवा भरून टम्म फुगवलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ते जिरे होते आणि ती पिशवी मांडीवर घेऊन आत्या एस.टी.त बसून आली. कंडक्टरने विचारलं, ह्या बाळाचं अर्धं तिकीट काढायचं का? आत्याने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. खड्डा आला की ती पिशवीसकट अधांतरी उठायची. थांब्यापासून घरापर्यंत मी तिच्या डोक्यावर इरलं धरून चालले. खाचराशी आल्यावर तिने पिशवी आधी पाण्यावर तरंगत ठेवली, मग हळूच तोंड सोडलं. जिरे पाण्यात गेले आणि क्षणात दिसेनासे झाले. आम्ही दोघी पावसात उभ्या राहून नुसत्या तपकिरी पाण्याकडे पाहत होतो. आत्याचे ओठ हलत होते, ती काय म्हणत होती मला ऐकू आलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

त्यानंतर ती त्या खाचराची होऊन गेली. बगळे आणि खंड्या मासे उचलतात म्हणून तिने पाण्यात जागोजागी कारवीच्या काठ्या रोवल्या आणि त्यांच्यामधून सुतळ्या ओढल्या. रोज सकाळी भाताचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड मळून त्याचे गोळे टाकायची. गोळा पडला की खालून पाणी हलायचं, बुडबुडे यायचे. "खात्यात बघ, खात्यात!" म्हणून ती माझा दंड इतका दाबायची की वळ उठायचा. पाणी गढूळ, आत काही दिसत नव्हतं, पण हलतंय म्हणजे मासेच असणार. एखादा मासा दिसतो का म्हणून ती चाळण पाण्यात घालायची, पण तीत कधीमधी बोटाच्या पेराएवढे चिखलाच्या रंगाचे किडे यायचे. ते आम्ही पुन्हा पाण्यात सोडून द्यायचो. ते खाचरात नेहमीचेच होते, त्यांची कुणाला भीती? घरी आत्या गुणगुणायला लागली होती. बाबांचा चेहरा मात्र उतरत चालला होता. एका रात्री जेवताना ते आईला म्हणाले, "जगल्याली दिसत्यात गं मासं," आणि मला जोराचा ठसका लागला.

भाद्रपदात, गावातले गणपती जाऊन थोडे दिवस झाले असताना, पावसाने उघडीप दिली. सकाळी मी कळशी घेऊन झऱ्यावर गेले. ऊन अजून डोंगरावरून खाली उतरलं नव्हतं, पण उजाडलं होतं. खाचराकडे नजर गेली आणि मला वाटलं, काठ्यांना पालवी फुटली. जवळ गेले तर प्रत्येक काठीला खालपासून वरपर्यंत ते चिखलाच्या रंगाचे किडे चिकटलेले. काही अजून पाण्यातून वर सरकत होते, एकमेकांच्या अंगावर पाय देऊन. काही थांबले होते. आणि जे थांबले होते त्यांच्या पाठी उकलत होत्या. मी कळशी ठेवली आणि बांधावर बसले. अगदी हातभर अंतरावर एकाची पाठ फाटली, त्यातून फिक्कट, ओलं, मऊ असं काहीतरी फुगून बाहेर आलं. आधी डोकं, दोन मोठे डोळे. मग पाय सुटले. मग तो मागे लोंबकळला, डोकं खाली करून, आणि तसाच राहिला. मला वाटलं मेला. बराच वेळ गेला आणि एकाएकी तो उसळून वर आला, आपल्याच रिकाम्या कातीला पायांनी धरलं आणि शेपटी ओढून काढली. पाठीवर पंखांच्या जागी चुरगळलेल्या दोन-चार चिंध्या होत्या. त्या हळूहळू भरत गेल्या, सरळ झाल्या, आणि त्यांतून पलीकडचा डोंगर दिसायला लागला.

असं सगळ्या काठ्यांवर चाललं होतं. कसलाही आवाज नाही. झऱ्याचं पाणी तेवढं वाजत होतं. मी पुढे नोकरीत पुष्कळ बाळंतपणं पाहिली, त्यांत आरडाओरड, घाई, वैताग सगळं असतं. इतक्या मुकाट्याने इतके जन्म मी पुन्हा पाहिले नाहीत. आता मी बावधनला लेकीच्या सोसायटीत राहते. खाली कमळांचं एक सिमेंटचं टाकं आहे. गेल्या वर्षी त्यात एका देठावर एक चतुर निघत होता म्हणून मी वाकून बघत उभी राहिले, तर वॉचमन धावत आला, "आंटी, चक्कर आ रहा है क्या?" मी त्याला दाखवलं. तोही बघत राहिला, मग म्हणाला, "हमारे गाँव में भी होता है." आम्ही दोघांनी मिळून तो उडेपर्यंत पाहिलं. पण एक आणि शेकडो ह्यांत फरक आहे.

त्या सकाळी मी ओरडत घराकडे पळाले. "आत्या! आत्या, चल लवकर, बघ काय झालंय!" ती कोंड्याचा डबा घेऊन निघालेलीच होती. माझ्या हाकांनी आणखी दोघी-तिघी बायका आल्या, पलीकडून तात्याही आले. तोवर ऊन पाण्यावर पोचलं होतं. पहिले निघालेले चतुर पंख आडवे पसरून थरथरत होते, आणि मग एकेक करत सुटायला लागले. उडताना अजून डळमळत होते. कोतवाल पक्ष्यांनी वरच्या वर काही टिपले, तरी सुटणाऱ्यांना अंत नव्हता. सगळं खाचर चमकत होतं. तात्यांनी हात जोडले. "चतुर निघालं! आता भात लई पिकणार बघा. इंदे, तुझ्या पाण्याला गुण हाय." बायका हसत होत्या. आत्याही हसत होती. तिच्या खांद्यावर एक कोवळा चतुर येऊन बसला होता आणि ती मान न हलवता मला डोळ्यांनी तो दाखवत होती. त्या क्षणाइतकी सुंदर मी तिला कधी पाहिली नाही.

मग तिने नेहमीसारखी चाळण पाण्यात घातली. वर आली तेव्हा चाळणीत ते किडे होते, अजून निघायचे राहिलेले, लहान. त्यांतल्या एकाने काहीतरी धरलं होतं. त्याच्या तोंडाखालून एक लांब हातासारखा जबडा बाहेर आला होता आणि त्या जबड्यात काहीतरी चकाकत होतं.

"रंजे," आत्या म्हणाली, "हे काय धरलंय गं ह्यानं?"

मी वाकून पाहिलं. "मासा," मी म्हणाले.

तिने चाळण पुन्हा घातली, दुसऱ्या जागी, मग तिसऱ्या. किडेच येत होते. मग तिने मान वर केली आणि काठ्यांकडे पाहिलं, त्यांवरच्या शेकडो रिकाम्या कातींकडे, हवेत भरून राहिलेल्या चतुरांकडे. कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती. एवढे हे कशावर पोसले, ते तिला कळलं होतं. बाजूला तात्या अजून भाताबद्दल बोलत होते. आत्याने खांद्यावरच्या चतुराला बोटावर घेतलं. मला वाटलं आता ती त्याला चिरडणार. तिने त्याला नुसतं सुतळीवर ठेवलं आणि डबा उचलून घराकडे चालायला लागली. मी मागून गेले. मला रडायला येत होतं आणि रडायचं तिने की मी, हे मला ठरवता येईना.

गावात अशी बातमी लपत नाही. संध्याकाळपर्यंत बाबांना पौडहून येताना वाटेतच कळलं होतं. ते आले, हातपाय धुतले, वंदनेला बसले. जीवहत्या करणार नाही, हे पहिलं शील म्हणून झालं आणि आत्या मध्येच थांबली. "चतुरांनी मासं खाल्लं म्हणून मी त्यांना शिव्या देतीया," ती म्हणाली, "पण मी तरी मासं कशापायी पोसत हुते? बाजारात इकायलाच की!" आईला हसू आवरेना. बाबा हसले नाहीत, पण "म्या सांगितलंच हुतं" असंही म्हणाले नाहीत. त्यांना जिंकल्याचा आनंद झाला असेल तर तो त्यांनी कुठेतरी बाहेरच ठेवला होता. पिंपरीच्या पाहुण्यांना मात्र दिवाळीच्या आधीचा एक रविवार कळवून झाला, आणि मी आत्याच्या पांघरुणात आणखी आत शिरून झोपायला लागले.

आत्या पेंडेचे गोळे टाकतच राहिली. कशाला टाकतेस, असं मी एकदा विचारलं. "एखादा असंल तर त्यानं उपाशी ऱ्हावं व्हय?" ती म्हणाली. गुणगुणणं मात्र बंद झालं होतं. ती तासन् तास गप्प असायची, आणि मला तेच फार भिववायचं, कारण आत्या रागावली की बोलायची आणि दुःखात असली की जास्त बोलायची. ही गप्प आत्या माझ्या ओळखीची नव्हती.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी तिने खाचराचा बांध फोडला. पाणी ओढ्याला गेलं आणि चिखलात मासे उघडे पडले. थोडेच, एका घमेल्यात मावतील एवढे. पण ते होते मात्र चांगले वीत-वीतभर, जाड, रुपेरी. सगळ्यांचं खाणं त्यांनाच मिळालं होतं. आत्याने घमेलं आणून ओट्यावर ठेवलं. बाबा कितीतरी वेळ त्या माशांकडे बघत बसले. एक उलटा-पालटा करून पाहिला. मग घसा खाकरून, आमच्यापैकी कुणाकडेही न बघता म्हणाले, "जगलं की मासं. बोली जगण्याची झाली व्हती. किती जगलं पायजेत ते कुटं ठरलं व्हतं?"

ज्या माणसाला पाहुण्यांशी खोटं बोलताना घाम फुटायचा, तो आपल्याच घरात, आपल्याच विरुद्ध, बहिणीसाठी पळवाट काढत होता. मला वाटलं झालं, सुटलो आपण. मी आत्याकडे पाहिलं. आत्याने नकारार्थी मान हलवली.

"न्हाई दादा. असलं नको. हरले मी. साऱ्या गावानं बघितलंय."

"मग?"

"मग काय? हरले ती हरले. पण मला लगीन करायचं न्हाई. मासं समदं जगलं असतं तरी न्हाई, समदं मेलं असतं तरी न्हाई. उगाच त्यांच्यावर घातली मी माझी गोष्ट. त्यांचा काय संबंध?"

"शब्द दिला व्हता तू."

"दिला व्हता. मोडतीया. काय बोलायचं त्ये बोल मला. पण आता कारन इचारू नको. माझ्याकडची संपल्यात समदी."

बाबा उठून उभे राहिले. त्यांचा आवाज चढला तो मी त्या दिवशी ऐकला, फार थोड्या वेळा चढायचा. "उंद्या पावणं दारात येणार! त्यांच्या तोंडावर काय सांगू मी? ह्या टायमाला काय काढू, सांग!"

"काय बी काढू नको. इंदी न्हाई म्हणाली, एवढंच सांग."

शेवटी आई उठली, विळी घेतली, आणि मासे आपल्याकडे ओढून म्हणाली, "मी साफ करून मीठ लावून ठिवते. पावणं काय ठरवायचं ते ठरवतील, पण उपाशी तर जाणार न्हाईत." बाबा त्या रात्री जेवले नाहीत.

पाहुणे दुपारी आले. फिटर मुलगा, त्याचे काका आणि मध्यस्थ. मुलगा खरोखर शांत होता, कडक इस्त्रीच्या सदऱ्यात अवघडून बसला होता. त्यांना कळवायची काही सोयच नव्हती, त्यामुळे ते बिचारे बुंदीचा पुडा घेऊन आले होते. बाबांनी त्यांना पाणी दिलं, हवापाण्याचं विचारलं, भाताचं विचारलं, आणि आता सांगतील, मग सांगतील म्हणता म्हणता पानं वाढली गेली. माशाचं कालवण, आंबेमोहोराचा भात. आत्या आत चुलीपाशी पाठ करून बसली होती. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते, हात दुखेपर्यंत. काकांनी दोन घास खाल्ले आणि म्हणाले, "मग, पोरगी कधी दाखवताय?"

बाबांनी घास खाली ठेवला. मी त्यांच्या कपाळाकडे पाहत होते. मला माहीत होतं की आता घाम येणार, आणि मग आजारपण येणार किंवा खर्च येणार.

"तिला लगीन करायचं न्हाई," बाबा म्हणाले.

काकांना नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. "म्हंजी? आमच्याबद्दल कुणी काय सांगितलं का?"

"न्हाई. तुमच्यात काय बी खोट न्हाई. पोरगा लाखात येक हाय."

"मग आजारबिजार हाय का पोरीला?"

"न्हाई."

"मग कारन काय?"

बाबांनी आतल्या खोलीकडे पाहिलं. आत्याची पाठ तिथून दिसत होती, ताठ. "कारन न्हाई," ते म्हणाले. "न्हाई म्हणाली ती. तुमाला हितपत्तुर यावं लागलं, त्येची माफी मागतो मी." त्यांचं कपाळ कोरडं होतं.

मध्यस्थ लालबुंद होऊन ताटावरून उठायला लागला. काका काहीतरी पुटपुटले. तेवढ्यात तो फिटर मुलगा, जो आल्यापासून एक अक्षर बोलला नव्हता, ताटाकडे बघत म्हणाला, "काका, जेवून घ्या आधी." आणि मग जरा थांबून, लाजत, "कालवण वाईच आनखी हाय का?"

आई उठायच्या आत आत्याच उठली. पातेलं घेऊन बाहेर आली, डोक्यावर पदर नाही, काही नाही, आणि त्याच्या ताटात तिने सगळ्यांत मोठा तुकडा वाढला. त्याने वर पाहिलं. "घरचं हाय का मासं?" "व्हय, माझं हायेत," आत्या म्हणाली. "चांगलं हायेत," तो म्हणाला, आणि जेवायला लागला. मग काकाही जेवले. मध्यस्थसुद्धा बसला, कारण एकट्याने रुसून बसण्यात काही अर्थ उरला नव्हता.

पाहुण्यांना एस.टी.त बसवून बाबा परत आले तेव्हा दिवे लागत होते. आत्या अंगणात भांडी घासत होती. ती उठली नाही, तिने वर पाहिलं नाही, फक्त हात थांबवला. बाबा तिच्या शेजारून आत गेले, पाणी प्यायले आणि तांब्या हातात धरून पुन्हा बाहेर आले.

"त्यो खालचा बांध तसाच उघडा टाकलास का?"

"व्हय," आत्या म्हणाली.

"सकाळी दगड मी रचतो. माती तू आण."